बाळाचं वजन कमी भरलं, पण वार कुणी पाहिली का?

जाईजुई:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लेक झोपलीय तेवढ्यात लिहून काढते.

माझी मुलगी चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियनने झाली. वजन १ किलो ५६० ग्रॅम. सतरा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आता अकरा महिन्यांची आहे, सोफ्याला धरून उभी राहते, खालचे दोन दात आलेत, भरवायला घेतलं की चमच्यावरच झडप घालते. तिच्या तब्येतीची काळजी मिटलीय. न मिटलेलं आहे ते वेगळंच.

घरी आल्यापासून भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईने विचारलं, "खाल्लंपिल्लं नव्हतंस का गं नीट?" नात्यातल्या एक सासूबाई तर बारशात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नोकरीची दगदग, जेवणाला वेळ नाही, मग बाळ असंच होणार." मी रोज डबा नेत होते, दोन वेळा दूध घेत होते, लोहाची एकही गोळी चुकवली नव्हती. माझं वजन साडेनऊ किलोंनी वाढलं होतं. तरी ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं की कुठेतरी मीच कमी पडले. रात्री तिला पाजताना रडू यायचं.

आता ऑपरेशनच्या दिवसाचं सांगते. कमरेखाली बधिर होते, पण कान उघडे होते. लेक रडली, तिला घेऊन गेले. दोन-चार मिनिटांनी मॅडम शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ही वार बघ केवढीशी आहे." (वार म्हणजे प्लासेंटा.) मग मला विचारलं, "बघायचीय?" मी हो म्हटलं. स्टीलच्या ट्रेमध्ये काळपट लाल, माझ्या पंजापेक्षा जेमतेम मोठी चकती होती. एका कडेला पांढुरके, पिवळट पट्टे. मॅडमनी त्यावर बोट दाबून दाखवलं. "हा भाग केव्हाच बंद पडलाय. उरलेल्या भागावर तुझ्या लेकीने दिवस काढलेत."

ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. तपासणीचा रिपोर्ट आला त्यात वारेचं वजन २४० ग्रॅम लिहिलं होतं आणि खाली 'मॅटर्नल व्हॅस्क्युलर मालपरफ्युजन' असे शब्द. माझ्या ओळखीत प्रत्येकीला आपल्या बाळाचं जन्माचं वजन तोंडपाठ आहे. वारेचं वजन एकीलाही माहीत नाही.

इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते. वार लहान का राहते? मी काही वेगळं केलं असतं तर ती वाढली असती का? आणि पुढच्या वेळी पुन्हा असंच होईल का?

कोकणकडा:
ताई, वाचून डोळे भरले. लेकीला खूप आशीर्वाद. एक भाबडा प्रश्न, वार म्हणजे नाळच ना? आमच्याकडे दोन्ही शब्द एकच समजून वापरतात.

शुभ्रा:
जाईजुई, आधी एकच सांगते. तुम्ही कमी पडला नाहीत. मी जिल्ह्याच्या गावी बावीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय, आणि हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगते.

कोकणकडा, नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी, साधारण अर्धा मीटर लांबीची. तिच्यात दोन रोहिण्या आणि एक नीला असते. ती दोरी ज्या चकतीला जोडलेली असते आणि जी चकती गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते, ती वार. पुस्तकात अपरा, दवाखान्यात प्लासेंटा. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाची वार साधारण अर्धा किलो असते, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. रुंदी वीत-सव्वा वीत.

आता मुद्द्याचं. पुष्कळांना वाटतं की वार हा आईचा अवयव आहे. तसं नाही. ज्या एका फलित पेशीपासून बाळ होतं, तिच्यापासूनच वार होते. नऊ महिने तीच बाळाचं फुफ्फुस, तीच आतडं, तीच मूत्रपिंड. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेत झाडाच्या मुळांसारख्या बारीक फांद्या असतात, त्यांच्या आत बाळाचं रक्त खेळतं, आणि बाहेरून आईचं रक्त त्यांना न्हाऊ घालतं. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, अमिनो आम्लं पलीकडे जातात. या सगळ्या फांद्या उलगडून पसरल्या तर दहा चौरस मीटरहून मोठी जागा व्यापतील.

आईचं रक्त तिथे पोचवणाऱ्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या मुळात बारीक आणि नागमोडी असतात. पहिल्या तिमाहीपासून वारेतल्या काही पेशी त्यांच्यात शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि त्यांना ऐसपैस करून ठेवतात. वीस-बावीस आठवड्यांपर्यंत हे काम उरकतं. शेतीवाल्या घरातल्या बायकांना मी असं समजावते: वाफ्यात बारीक नळीने जोरात पाणी सोडलं तर माती उडते, रोपांची मुळं उघडी पडतात. तेच पाट रुंद करून सोडलं तर पाणी संथ येतं आणि मुरतं. वारेच्या पेशी हा पाट रुंद करतात. ते काम अर्धवट राहिलं की रक्त कमीही येतं आणि जोराच्या चिळकांडीने येतं. कोवळ्या फांद्यांना इजा होते, गुठळ्या होतात, काही भागाचा पुरवठाच तुटतो. तुम्ही ट्रेमध्ये पाहिलेले पांढुरके पट्टे म्हणजे तोच मेलेला भाग. याच बिघाडातून काही जणींचा रक्तदाब वाढतो, काहींच्या बाळाची वाढ खुंटते, काहींना दोन्ही होतं.

म्हणजे तुमच्या बाबतीत जे बिघडलं ते बहुधा पहिल्या चार-पाच महिन्यांतच बिघडलं. तेव्हा तुमचं पोटही नीट दिसत नसेल. आईने ताटात किती वाढून घेतलं यापेक्षा ते पलीकडे पोचलं किती, हा प्रश्न होता. आणि पोचवण्याचं काम तुमच्या हातात नव्हतं.

जाईजुई:
शुभ्राताई, हे तीनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. पाटाचं उदाहरण आमच्या सासऱ्यांना लगेच कळलं, ते म्हणाले, "मग पोरीचा काय दोष?" अकरा महिन्यांत पहिल्यांदा घरात कुणीतरी हे म्हणालं.

सूक्ष्मदर्शी:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे नमुने माझ्या टेबलावर येतात म्हणून थोडं लिहितो.

वार आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत येते. नाळ आणि पडदे कापून बाजूला करून नुसत्या चकतीचं वजन करतो, जाडी मोजतो, नाळ मधोमध जोडलेली आहे की कडेला तेही पाहतो. नाळ अगदी पडद्यांत जोडलेली असेल तर तेवढ्यानेही बाळ लहान राहू शकतं. मग पावासारखे काप करतो. निरोगी वारेचा काप स्पंजसारखा लागतो. पुरवठा तुटलेला भाग हाताला कडक लागतो. नवा असेल तर लाल, जुना होत गेला की पिवळट पांढरा. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या वयाआधी म्हाताऱ्या झालेल्या दिसतात, बारीक, विरळ, पेशींच्या केंद्रकांचे झुबके झालेले. जाईजुई यांच्या रिपोर्टातल्या त्या तीन शब्दांचा अर्थ एवढाच, की आईच्या बाजूने वारेला रक्त नीट मिळालं नाही. 'मॅटर्नल' हा शब्द बाजू सांगतो, दोष सांगत नाही. रिपोर्ट वाचून घाबरलेल्या आयांना हे सांगावं लागतं, कारण तो शब्द पाहूनच त्या खचतात.

मला खंत आहे ती दुसरीच. बहुतेक वारा पिवळ्या पिशवीत जातात. बाळ दीड किलोचं, कारण ठाऊक नाही, आणि जे कारण सांगू शकलं असतं ते तासाभरात कचऱ्यात. प्रत्येक बाळंतपणात तपासणीची गरज नाही. पण बाळ फार लहान असेल, पोटात दगावलं असेल, आईचा रक्तदाब चढला असेल, तर वार ठेवा आणि पाठवा. पुढच्या गरोदरपणाचं नियोजन त्यावर अवलंबून असतं.

आबा_निफाडकर:
आमच्याकडे गाईच्या वारेला जार म्हणतात. गाय व्याली की जार पूर्ण पडली का हे आम्ही बॅटरी घेऊन बघतो, थोडी अडकली तरी डॉक्टरला फोन. माणसाच्या बाबतीत तेवढी चौकशी होत नाही हे वाचून वाईट वाटलं. एक अनुभव, ऐन उन्हाळ्यात शेवटचे महिने गेलेल्या गाईचं वासरू बऱ्याचदा लहान असतं. त्याचा जारेशी संबंध असतो का?

शुभ्रा:
आबा, असतो. मेंढ्यांवर असे प्रयोग झालेत. गाभण मेंढीला दीर्घकाळ उष्णतेत ठेवलं तर तिची वार लहान राहते आणि कोकरूही कमी वजनाचं होतं. वारेमुळे वाढ कशी खुंटते हे समजून घ्यायला संशोधकांनी तीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली आहे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

विमलमावशी:
मी जुन्या विचारांची, राग मानू नका. आमच्या आया शेतात राबायच्या, भाकरी-मिरचीवर राहायच्या आणि घरीच सुईणीच्या हाताने बाळंत व्हायच्या. वार हळदकुंकू लावून अंगणात पुरायचो. तेव्हा हे काही नव्हतं. आताच्या मुलींचं खाणंच बिघडलंय असं मला वाटतं.

सातपुडा:
मावशी, तुमचा मान राखून सांगते. मी आदिवासी भागात उपकेंद्रावर सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. तेव्हाही बाळं लहान व्हायचीच. घरी वजनकाटा नव्हता म्हणून कुणाला आकडा कळला नाही. "अशक्त होतं, राहिलं नाही" एवढंच बोललं जायचं. माझ्या आजीची दोन बाळं अशीच गेली, आणि ती शेवटपर्यंत म्हणायची की मी त्या वेळी विहिरीचं पाणी जास्त ओढलं म्हणून.

खाण्याचा संबंध नाही असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे नाव नोंदवायला येणाऱ्या पोरींचं वजन अडतीस, चाळीस किलो असतं. लग्न लवकर, दोन बाळंतपणांत अंतर नाही, रक्त कमी. आणि वरून घरात सांगतात, "कमी जेव, बाळ मोठं झालं तर सुटका व्हायची नाही." हे मी आजही ऐकते. सरकारच्या अमृत आहार योजनेचं गरम जेवण अंगणवाडीत मिळतं. तिथेच बसून जेवायला सांगते, कारण डबा घरी नेला की तो चार तोंडांत वाटला जातो.

पण मला इथे मिश्रीबद्दल बोलायचंय. कुणी बोलत नाही. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, सकाळी उठल्यावर बोटाने दातांना लावायची, मग शौचाला जाताना, मग दुपारी काम उरकल्यावर. विचारलं तर "तंबाखू खात नाही" असंच सांगतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री ही तंबाखू नव्हेच, ते दात घासणं. मी आता प्रश्नच बदललाय. "दात कशाने घासतेस?" असं विचारते. पदराच्या गाठीतली डबी मग बाहेर येते.

शुभ्रा:
सातपुडा, फार मोलाचं लिहिलंत. मुंबईत बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यात धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिश्रीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि वेळेआधीच्या बाळंतपणांचं प्रमाणही वाढलेलं होतं. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि रक्तवाहिन्या आवळतं. ज्या वाहिन्या ऐसपैस व्हायला हव्यात त्याच आवळल्या जातात. मिश्री गरोदरपणात कधीही सोडली तरी फायदा आहे, पण दिवस राहण्याआधी सोडली तर सर्वात चांगलं.

चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. तुमच्या भागात मलेरिया असेल तर तेही लक्षात ठेवा. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियाचे जंतू शिरलेल्या रक्तपेशी वारेत जाऊन चिकटून बसतात. कधीकधी आईला ताप फारसा नसतो, बोटाच्या रक्तात जंतू कमी दिसतात आणि वार मात्र भरलेली असते.

ओवी:
मी पोषणशास्त्राची विद्यार्थिनी. आईचं वजन आणि वार यांच्या संबंधावर पुण्याजवळच झालेलं काम आहे, ते सांगावंसं वाटतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. तो करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गावातल्या लग्न झालेल्या स्त्रियांची दिवस राहण्याआधीच वजन-उंची घेतली. सरासरी वजन साधारण ४२ किलो होतं. मग दिवस राहिले तसा पाठपुरावा केला. त्यातल्या एका कामात पंधरा ते अठरा आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीने वारेचं आकारमान मोजलं, ते २००० साली प्रसिद्ध झालं. दिवस राहण्याआधी जी बारीक होती तिची वार लहान होती, आणि वार लहान तिचं बाळ जन्मताना हलकं. म्हणजे बाळ जेव्हा जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅमचं असतं, तेव्हाच वारेचा आकार पुढची दिशा दाखवत असतो. त्या सुमारास वार आणि बाळ वजनाला जवळपास सारखेच असतात. आधी वार वाढते, मग तिच्या जोरावर बाळ.

याच गावांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिथली सरासरी साडेतीन किलो, इथली २.७. पण आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली. कमी पुरवठ्यात वाढलेलं शरीर असंच जमवून घेतं आणि पुढे मधुमेहाकडे झुकतं, असं त्यामागचं म्हणणं आहे.

विमलमावशी, म्हणून तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही, फक्त वेळ चुकतेय. आठव्या महिन्यात डिंकाचे लाडू भरवून वार मोठी होत नाही. मुलगी बारा-पंधरा वर्षांची असताना तिच्या ताटात काय पडलं, भावाच्या वाटीत दूध आणि तिच्या वाटीत ताक पडलं का, तिथून हे सुरू होतं.

विमलमावशी:
वाटीचं म्हणालीस ते मनाला लागलं. आमच्या घरी असंच होतं. जाईजुई बाळ, मी वर जे लिहिलं ते मागे घेते.

मुळामुठा:
ओवी, दिवस राहण्याआधीपासून खाणं सुधारलं तर फरक पडतो असं खरंच दिसलंय का? की नुसता तर्क?

ओवी:
मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'सरस' नावाचा प्रकल्प झाला, निकाल २०१४ मध्ये आले. दिवस राहण्याआधीपासून बायकांना रोज एक खाऊ दिला. हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध घालून केलेला. सगळ्या जणी धरल्या तर वजनात ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांना दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो मिळाला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. त्यातही फार बारीक असलेल्या बायकांना फायदा दिसला नाही, जरा बऱ्या वजनाच्या होत्या त्यांना दिसला. त्यामुळे तीन महिन्यांत सगळी उणीव भरून निघते असं म्हणता येत नाही.

दोघांचा_बाबा:
आमची जुळी मुलं. एक २ किलो १००, दुसरा १ किलो ४००. आई तीच, ताट तेच, दिवस तेच. दोघांची वार एकच होती, पण एकाच्या वाट्याला तिचा मोठा भाग आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला कडेचा तुकडा. "आईने खाल्लं नाही" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगायचो. दोघांसाठी ती वेगवेगळी जेवत होती का?

शुभ्रा:
याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

जाईजुई, तुमचे बाकीचे प्रश्न राहिलेत. एकदा बिघडलेली वार दुरुस्त करणारी गोळी, सलाईन किंवा प्रोटीन पावडर आजघडीला नाही. सिल्डेनाफिलकडून फार आशा होती. रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, म्हणून अनेक देशांत चाचण्या झाल्या. नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या आयांच्या काही बाळांना फुफ्फुसाचा त्रास होऊन ती दगावली. दिवसभर पडून राहिल्यानेही बाळाचं वजन वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. "पाय खाली ठेवू नकोस" म्हणून कुणी दोन महिने गादीवर झोपवून ठेवत असेल तर तसं करू नका.

मग आमच्या हातात काय? वेळ साधणं. नाळेतल्या रक्ताचा वेग डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने बघतो. वारेतला अडथळा वाढत गेला की बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये नाळेत जो प्रवाह राहायला हवा तो आधी कमी होतो, मग थांबतो, आणि शेवटी उलटा वाहू लागतो. दरम्यान बाळ आपलं रक्त मेंदूकडे वळवतं. म्हणून अशा बाळांचं डोकं वेळेनुसार वाढलेलं दिसतं आणि पोटाचा घेर मागे पडतो. तुमचं बाळ चौतिसाव्या आठवड्यात काढलं, ते बहुधा प्रवाह थांबल्यावर. आत ठेवणं धोक्याचं की बाहेर काढणं, हा तोल सांभाळायचा असतो. त्याआधी फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील.

पुढच्या वेळेबद्दल. पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होईलच असं मुळीच नाही. दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा. काही रक्ततपासण्या करतील, गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आहे का बघतील. आणि ॲस्पिरिनबद्दल विचारा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जोखीम जास्त असलेल्या बायकांना अकरा ते चौदा आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तेव्हा सदतीस आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा आजार) ६२ टक्क्यांनी घटला. पाट रुंद होण्याच्या काळातच ते द्यावं लागतं, सोळा आठवड्यांच्या आत. हे मनाने घ्यायचं औषध नाही.

जाईजुई:
हो, ३४ आठवड्यांना 'एंड डायस्टोलिक फ्लो नाही', म्हणजे दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबलाय, असंच लिहिलं होतं. दोन इंजेक्शनं दिली, आणि दुसऱ्या इंजेक्शननंतर चोवीस तासांनी सिझेरियन. खरं तर आधी ज्या दवाखान्यात जात होते तिथे एकदाही पोटावर टेप लावून माप घेतलं नव्हतं. एकतिसाव्या आठवड्यात दवाखाना बदलला. नव्या मॅडमनी पहिल्याच दिवशी टेप लावली, २७ सेंटिमीटर भरलं, आठवड्यांच्या मानाने कमी, आणि त्या लगेच म्हणाल्या, "उद्याच डॉपलर करून ये." एक रुपयाची टेप ताई. त्याने माझी मुलगी वाचली.

थेम्सकाठी:
मी इंग्लंडमध्ये राहते, दोन्ही बाळंतपणं इथेच. इथे दर भेटीत मिडवाइफ टेपने माप घेऊन आलेखावर टिंब मांडते. रेघ मागे पडली की सोनोग्राफी. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोप, उताणी नको, हे बजावून सांगतात. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडून वारेकडचं रक्त कमी होतं. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नकोस, आत्ता फोन कर, असं प्रत्येक कागदावर छापलेलं असतं.

सातपुडा:
टेप आमच्याकडेही आहे, माझ्या पिशवीत कायम असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर मोफत तपासतात, त्या दिवशी पोरींनी यावं म्हणून आशाताई आदल्या संध्याकाळी पाड्यापाड्यावर फिरतात. डॉपलर तालुक्याला नाही, जिल्ह्याला आहे. एसटीने अडीच तास. त्यामुळे कुणाला पाठवायचं हे टेप आणि माझा हातच ठरवतो.

आणि बाळ लहान आलंच तर ऊब आणि दूध. अशा बाळांच्या अंगात साखरेचा साठा नसतो, ती लवकर गार पडतात. आईच्या उघड्या छातीवर, टोपी-मोजे घालून, वरून लुगड्याने बांधून ठेवते. आई थकली तर आजी, आजी थकली तर बाप. गेल्या पावसाळ्यात एका बापाने दीड किलोच्या लेकीला रात्रभर छातीशी धरलं होतं, पूल वाहून गेला म्हणून गाडी येत नव्हती. सकाळी तिने स्वतःहून तोंड लावलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले होते, १९९९ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. आज आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी जाऊन बाळ बघतात, त्याची सुरुवात तिथली.

रानफूल:
मी आजवर इथे फक्त वाचत आले, पहिल्यांदाच लिहितेय. तिसावा आठवडा चालू आहे. कालच्या सोनोग्राफीत 'प्लासेंटा ग्रेड २' आणि बाळाच्या पोटाचा घेर तारखेपेक्षा दहा दिवस मागे असं आलंय. धागा वाचून रात्रभर झोप नाही. घरात कुणाला सांगितलं नाहीये.

शुभ्रा:
रानफूल, आधी घरात सांगा, एकटीने वाहू नका. ग्रेड म्हणजे वारेत चुन्याचे ठिपके किती साचलेत त्याचा अंदाज. दिवस भरत आले की ते होतातच, केसांत पांढरं यावं तसं. तिसाव्या आठवड्यात ग्रेड २ एवढ्यावरून काही ठरत नाही. घेर दहा दिवस मागे, हेही एका मापावरून ठरत नाही. काही बाळं आईबापाच्या बांध्यानुसारच लहान असतात आणि ठणठणीत असतात. दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजल्यावर रेघ चढते की सपाट होते हे महत्त्वाचं. पण डॉपलर लवकर करून घ्या, रक्तदाब तपासा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात वर उजवीकडे दुखलं किंवा हालचाल मंदावली तर थेट दवाखाना गाठा. काय आलं ते इथे कळवा.

जाईजुई:
रानफूल, व्यक्तिगत निरोपात माझा नंबर पाठवलाय. रात्री-अपरात्री कधीही कर. मी तशीही दोन वाजता जागीच असते.

रानफूल:
काल डॉपलर झालं. नाळेतला प्रवाह नॉर्मल आहे. बाळ १ किलो ३४० ग्रॅम. रक्तदाब ११६/७४. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. नवरा सोबत होता, सगळं सांगितलं त्याला. जाईजुई ताई, परवा रात्री अर्धा तास बोललात, त्यानंतर झोप लागली.

निघताना मॅडमना म्हटलं, बाळंतपण झाल्यावर वार टाकायच्या आधी तिचं वजन करा आणि मला सांगा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घेतलं.